आमच्यात म्हातारं कोणी नव्हतं

आमच्यात म्हातारं कोणी नव्हतं, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला अकरा वर्षं लागली. शाळेत कुणाच्या डब्यात आजीनं केलेली वडी असायची, कुणाला आजोबा न्यायला यायचे, कुणाची आजी वारली म्हणून तेरा दिवस दांडी असायची. मला वाटायचं, आजी-आजोबा ही मराठी लोकांची रीत असावी, आपल्यात नसते. आपल्यात म्हणजे नेपाळ्यांत. त्या वेळी कोल्हापुरात आमची वीस-पंचवीस माणसं असतील. कोणी बंगल्यावर राखणीला, कोणी हॉटेलात भट्टीपुढं, दोघे-तिघे इचलकरंजीला मागाच्या शेडमध्ये. सगळे धडधाकट, सगळ्यांचे केस काळे. म्हातारी माणसं डोंगरावर राहिली होती, कारण त्यांना एवढ्या लांब यायचं काही कारणच नव्हतं. आणि इथल्यांचे गुडघे बोलायला लागले की तेही वळकटी बांधून डोंगरावर परत जायचे. कोल्हापुरात नेपाळी माणूस म्हातारा होतच नसे. आता मी स्वतः साठी ओलांडून इथंच बसले आहे आणि माझे गुडघे रोज बोलतात, म्हणून हे लिहायचं सुचलं.

आम्ही कळंब्याच्या वाटेवर राहायचो. कोल्हापुरात 'कळंब्याला असतो' असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग 'किती वर्सांची झाली?' म्हणून विचारतात, कारण तिथं मोठा तुरुंग आहे. बा ला हा विनोद समजायला दोन वर्षं लागली आणि समजल्यावर तो स्वतःच सगळ्यांना आधी सांगून मोकळा व्हायला लागला. बा म्हणजे माझा बाप, नरबहादूर. सहा खोल्यांची एक सलग ओळ, वर पत्रा, पुढं एक नळ, आणि नळापुढं सकाळी पाचपासून बादल्यांची आणि तोंडांची आदळआपट. शेवटची खोली आमची. ती शेवटची का, तर आमाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, गुंद्रुकमुळं. मुळ्याचा आणि मोहरीचा पाला कोमेजवायचा, ठेचायचा, बरणीत दाबून आंबवायचा आणि मग पत्र्यावर उन्हात वाळवायचा. त्याचं सार भातावर घेतलं की माझी आई डोळे मिटून जेवायची आणि शेजारची मंडळी नाकं मिटून. 'बहादूरीणबाई, काय मेलंय का तुमच्या पत्र्यावर?' असं त्यांनी विचारलं की आमा हसून एक वाटी त्यांच्याच हातात द्यायची. निम्म्यांनी ती ओतून दिली असणार. पण निम्म्यांनी पुन्हा मागितली, हेही खरं.

बा देवळाजवळच्या एका हॉटेलात आचारी होता. भटारखान्यात शिरला तेव्हा भांडी घासायला, आणि चार वर्षांत तांबडा-पांढरा रस्सा त्याच्याच हातचा व्हायला लागला. बाहेर बाकड्यावर बसलेले पैलवान वाटी तोंडाला लावून सांगायचे, 'हे बाहेरच्या माणसाला जन्मात जमायचं न्हाय, ह्याला कोल्हापूरचंच पाणी लागतंय.' भिंतीआड बा नारळाचं दूध पिळत हे ऐकायचा आणि घरी येऊन आम्हाला त्याच आवाजात करून दाखवायचा. तो घरी आला की त्याच्या अंगाला खसखस आणि धुराचा वास असायचा. मला तो वास अजून कुठं आला की मी उगीच मागं वळून बघते.

नळाच्या पलीकडे, रस्त्याच्या त्या अंगाला, आबांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर होतं. आबा लाल गाडीवर कंडक्टर होते, जन्म सगळा कोल्हापूर-बिद्रीच्या फेऱ्यांत गेलेला, आणि आम्ही तिथं राहायला गेलो त्याच्या आसपास ते निवृत्त झाले. नोकरी संपली, आवाज तसाच राहिला. नळावर भांडण लागलं की ते ओट्यावरून ओरडायचे, 'फुडं सरका, फुडं सरका, मागं जागा करा!' आणि बायका खरोखरच पुढं सरकायच्या. त्यांची बायको आधीच वारली होती. धाकटी मुलगी रत्ना त्यांच्याजवळ होती. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि हे ती मला दिवसातून चारदा सांगायची. आबा बौद्ध. ऐन चाळिशीत म्हाताऱ्या बापाबरोबर दीक्षा घेतलेली, आणि त्यात पुढंमागं करणारा माणूस नव्हे. आम्ही नेपाळचे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. 'म्हंजे तथागतांच्या गावचं पावणं तुमी,' असं म्हणून त्यांनी बा ला ओट्यावर बसवून चहा दिला आणि विचारलं, 'लुंबिनी कशी हाय?' बा नं लुंबिनी पाहिली नव्हती. आमचं गाव वर डोंगरात, ती खाली सपाटीला. पण चहा देणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तो म्हणाला, 'बरी हाय.' त्यानंतर आबा दर महिन्याला एकदा तरी लुंबिनीची खुशाली विचारायचे आणि बा दर वेळी ती बरी असल्याचं सांगायचा.

आमचा मोठा सण दशैं. तो आणि तुमचं नवरात्र एकाच दिवशी बसतं. घटस्थापनेला इकडे घरोघरी घट बसले की आमा पत्र्याच्या डब्यात माती घालून त्यात जव पेरायची आणि तो डबा खाटेखाली अंधारात सारायची, म्हणजे कोंब हिरवे न होता पिवळेधमक येतात. त्याला जमरा म्हणायचं. शेजारणी घटावर कडाकण्या बांधायच्या आणि आमा तांदळाच्या पिठाचे कड्यासारखे गोल 'सेल' तळायची. दोन्हींची देवाणघेवाण व्हायची, आणि कडाकणी चांगली की सेल यावर माझं आणि रत्नाताईचं दरवर्षी भांडण व्हायचं. दहाव्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, टिका. घरातल्या वडीलधाऱ्यानं लहानांच्या कपाळावर दह्यात कालवलेले तांदूळ लावायचे, कानावर जमरा खोवायचा, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा. मोठ्यानं लहानाला, कधी उलट नाही. आणि टिका होईपर्यंत कुणी अन्नाला शिवायचं नाही. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

आमानं लग्न होऊन इकडे आल्यापासून एकदाही आपल्या वडिलांच्या हातचा टिका घेतला नव्हता. मधे एकदा, मी तान्ही असताना, पावसाळ्यात आम्ही गावी जाऊन आलो होतो, पण पावसाळ्यात गेलेलं धरत नाहीत. टिका दशैंचा. तो दसऱ्यापासून पुनवेपर्यंत पाच दिवस घेता येतो, पुनव सरली की संपलं, वर्षभर कपाळ कोरडं. आणि दशैं म्हणजेच नवरात्र, नवरात्र म्हणजे अंबाबाईला लोटलेली माणसं, आणि ती माणसं दर्शन झालं की जेवायला बा च्याच हॉटेलात. 'ह्या दिवसांत रजा मिळत नाही,' असं बा सांगायचा. त्या दहा दिवसांत आमा भांडी जरा जास्त आपटायची. तिचे वडील, म्हणजे माझे बाजे, त्या वेळी सत्तरीच्या पुढं होते आणि गावाकडून आलेल्या प्रत्येक माणसाला ती पहिला प्रश्न विचारायची, 'बाजे चालतात का अजून?' चालतात म्हटलं की तिचा तो दिवस चांगला जायचा. त्या वर्षी आलेला माणूस म्हणाला, 'चालतात, पण अंगणापुरतं.' आमानं त्या दिवशी भात करपवला. मी तिच्या हातचा करपलेला भात आयुष्यात तेवढा एकदाच खाल्ला.

तर म्हातारं कोणी नसल्यामुळं आमच्यात टिका द्यायचा मान दिल काकांकडे असायचा. ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. सगळ्यांत थोरले म्हणून दसऱ्याला दुपारी सगळे नेपाळी आमच्या खोलीत जमायचे आणि दिल काका लाजत-लाजत सगळ्यांच्या कपाळाला तांदूळ फासायचे. पण त्या वैशाखात त्यांचे गुडघे बोलले आणि ते वळकटी बांधून गेले. त्यांच्या जागी आता कोण, याचा विचार सहा महिने कुणी केला नाही, आणि दसऱ्याच्या दुपारी, परातीत टिका कालवून तयार, डब्यातला जमरा कापून तयार, सेलांची चळत तयार, अशा वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं की उरलेल्यांत मोठा एक तर बा आहे नाही तर टेक काका.

टेक काका एका बंगल्यावर राखणीला होते. मिशा भरघोस, स्वभाव भित्रा. ते लगेच म्हणाले, 'मी नव्हे. मी लहान आहे.' बा म्हणाला, 'तू कसला लहान? मी लहान.' तुम्ही म्हणाल, वडीलपणाचा मान कुणाला नको असतो? पण आमच्या लोकांचं गणित वेगळं होतं. एकदा माणूस टिका द्यायला बसला की त्याला द्यायला कुणी उरत नाही. बा चे वडील वारले तेव्हा पत्र पोचायलाच दीड महिना लागला होता, आणि त्यानंतर त्याच्या डोक्यावर वर्षातून एकदा हात ठेवणारं एकच माणूस होतं, दिल काका. तेही गेले. आता जर तो थोरला ठरला तर तो कायमचाच थोरला. अडतिसाव्या वर्षी. हे मला तेव्हा कळलं नाही, पुढं मी स्वतः त्या जागी बसले तेव्हा कळलं, आणि तेव्हा मला त्या दोघांच्या भांडणाचं हसू यायच्या ऐवजी रडू आलं.

तेव्हा मात्र नुसती मजा होती. जन्मतारीख दोघांनाही माहीत नव्हती. टेक काका म्हणाले, 'ज्या साली नदीकडची दरड कोसळली त्या साली मी आईच्या पोटात होतो.' बा म्हणाला, 'मीसुद्धा पोटातच होतो.' आमा चुलीजवळून म्हणाली, 'एकाच पोटात का?' सगळे हसले, ते दोघे सोडून. मग कुणी तरी बा चं रेशनकार्ड काढलं. त्यावर त्याचं वय त्रेचाळीस निघालं. बा म्हणाला, ते खोटं आहे, नोकरीला लागताना पोरगेला दिसू नये म्हणून पाच वर्षं वाढवून सांगितली होती. टेक काका म्हणाले, 'सरकारी कागद आहे. खोटा कसा असेल?' मग टेक काकांचं कार्ड निघालं. त्यावर 'वय' च्या पुढं नुसता शाईचा डाग होता. असा पाऊण तास गेला. दोन बाप्ये, एकाला मिशा आणि एकाला निम्मं टक्कल, मांडी घालून समोरासमोर बसलेले आणि 'मी लहान, मी लहान' म्हणून भांडणारे. पोरांची पोटं आत गेली होती. माझ्या समोर सेलांची चळत होती आणि तिच्यावर माश्या बसायला लागल्या होत्या.

माझा स्वभाव तेव्हाही तापटच. शाळेत मराठी शिकवायला लागल्यावर मुलांनी माझं नाव 'तवा' ठेवलं होतं, ते उगीच नाही. मी उठले, चप्पल न घालता रस्ता ओलांडला आणि आबांच्या ओट्यापुढं उभी राहिले. आबा सकाळी विहारात वंदनेला जाऊन आले होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि जेवून सुपारी कातरत बसलेले. दसरा म्हणजे त्यांच्या दीक्षेचा दिवस, हे मला ठाऊक होतं. बाकी काही मला सुचलं नाही. मी विचारलं, 'आबा, तुमचं वय किती?'

'का गं सुने?' सुनमाया या माझ्या नावाचं त्यांनी सुने करून टाकलं होतं. 'बासष्ट चालू हाय.'

'कागदावरचं की खरं?'

'खरं की. कागदावरचंबी तेवढंच.'

'मग चला,' मी म्हटलं आणि त्यांचा हात धरला.

आबा आमच्या दारात आले तेव्हा सगळी खोली उठून उभी राहिली. बा नं काय झालं ते सांगितलं आणि मी आगाऊपणा केला म्हणून माझ्याकडे डोळे वटारले. आबांनी परातीकडे पाहिलं, जमऱ्याकडे पाहिलं, आणि दारातच थांबून म्हणाले, 'नरबहादूर, आधी सांगतो, राग मानू नगंस. मी दीक्षा घेतलेला माणूस हाय. देवाधर्माचं कायबी माझ्या हातनं व्हायचं न्हाय. आज तर न्हाईच.'

बा म्हणाला, 'देवीचं आमचं सकाळी झालं, आबा. ह्यात देव न्हाय. हे नुसतं वडिलांचं हाय. मोठ्या माणसाचा हात.'

आबा वाकले आणि परातीत बोट बुडवून बघितलं. 'ह्यात कुंकू न्हाय?'

'आमी मगर जातीचं. बाकीच्यांचा टिका लाल असतो, आमचा पांढरा. तांदूळ आणि दही.'

'आन् हे गवत?'

'जव हाय. आमानं पेरलेलं,' मी म्हटलं.

आपल्या पांढऱ्या सदऱ्याकडे आबांनी एकदा पाहिलं, परातीकडे एकदा पाहिलं. एवढ्या वेळात खोलीत एकाही पोरानं भुकेचं नाव काढलं नाही. मग ते आत आले, चटईवर ऐसपैस बसले, बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, 'तांदूळ हाय, दही हाय, जव हाय. शेतकऱ्याच्या घरचं हाय सगळं, त्यात कसली आडकाठी? मंत्रबिंत्र मला येत न्हाईत. हात देतो. चला, रांगेत या. फुडं सरका.'

आणि आम्ही पुढं सरकलो. आधी टेक काकांनी बा ला ढकललं. बा गुडघे टेकून बसला आणि आबांनी त्याच्या कपाळावर एवढा मोठा गोळा थापला की निम्मा खाली पडला. मग त्यांनी आपला तो गाडीच्या दांडीनं घट्टे पडलेला हात बा च्या डोक्यावर ठेवला आणि तिकिटावर छाप मारावा तसं एकेक वाक्य ठोकलं. 'धडधाकट राहा. दारूला शिवू नगंस. पोरीला शिकीव, मधीच काढू नगंस.' बा नं मान वर केलीच नाही. त्याचे खांदे हलत होते. मी माझ्या बापाला रडताना पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाटलं, दही डोळ्यात गेलं असेल. टेक काकांना आशीर्वाद मिळाला, 'भिऊ नगंस.' मला मिळाला, 'तोंड आवर.' दोघांच्याही बाबतीत तो लागू पडला नाही.

शेवटी आमा बसली. आबांनी तिच्या कपाळाला तांदूळ लावले आणि विचारलं, 'तुला काय पायजे, पोरी?' बारा-तेरा वर्षांत तिला कुणी पोरी म्हटलं नव्हतं. आमा एरवी चार माणसांत बोलायची नाही. त्या दिवशी ती सरळ म्हणाली, 'माझ्या वडिलांच्या हातचा टिका.'

'मग जाईनास का?'

'रजा न्हाय.'

आबा बा कडे वळले. 'मालक देत न्हाय?'

बा परातीतले तांदूळ सारखे करायला लागला. 'मागितलीस का कवा?' आबांनी विचारलं. बा म्हणाला, 'न्हाय.' खोलीत सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आमा तर सगळ्यांत जास्त. दरवर्षी मिळत नसलेली ती रजा माझ्या बापानं कधी मागितलीच नव्हती. गर्दी आहे, मालक नाही म्हणेल, नाही म्हटल्यावर तोंड वाईट होईल, म्हणून त्यानं मालकाच्या वतीनं आपणच स्वतःला नाही म्हणून टाकलं होतं, वर्षामागून वर्ष. आमची माणसं अशीच. परक्या गावात कुणाला त्रास नको म्हणून इतकी जपून राहतात की कुणी न बांधलेल्या कुंपणालासुद्धा वळसा घालून जातात. मी अजून आमच्या पोरांना यावरून ओरडते.

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं, रागावले. पण ते हिशोब करत होते, गाडीचा. 'पुनव कवा? पाच दिसांनी. उद्या सकाळची गाडी धरायची, सांजच्याला कल्याण. तितनं गोरखपूरची. दोन राती धरा. गोरखपूरला सकाळी. फुडं सरहद्दीला मोटार. पलीकडं तुमचं काय?' बा म्हणाला, 'तिथनं वर बस, मग पाच तास चालत.' 'म्हंजे पुनवेला दुपारी घरात,' आबा म्हणाले. 'बसतंय. पर उद्याची गाडी चुकली तर न्हाय बसत.' आणि मग त्यांनी बा च्या डोक्यावर पुन्हा हात ठेवला. 'मघाशी एक सांगायचं ऱ्हायलं. बायकूला म्हायेरला घिऊन जा. थोरल्याचा शबूद हाय. मोडायचा न्हाय.'

आबा आणि बा तसेच, बा च्या कपाळावर दही-तांदूळ वाळत असताना, हॉटेलात गेले. आम्ही इकडे सेलांवर तुटून पडलो. मला पुढचं बा च्या तोंडून कळलं. मालक गल्ल्यावर होता, बाहेर गर्दी होती, आणि बा नं दारातच हात जोडून सांगितलं, 'मालक, पंधरा दिवस रजा पायजे.' मालकानं विचारलं, 'कवापासनं?' बा म्हणाला, 'उद्या.' मालक भडकला. पण कशावर भडकला? 'मर्दा, आदी सांगायचं की! मला वाटायचं तुला गावाकडं कुणी न्हाईच. उद्यापास्नं गर्दी उतरतीय, जा.' आणि आबांना विचारलं, 'तुमी ह्याचं कोण?' आबा म्हणाले, 'वडील.' मालकानं एकदा आबांच्या नाकाकडे पाहिलं, एकदा बा च्या, आणि जास्त काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आबांनी आम्हाला डब्यात बसवलं आणि सवयीनं डब्यावर दोनदा थाप मारली, जशी काही त्यांच्या थापेवरच गाडी सुटणार होती. योगायोगानं ती तेव्हाच सुटली. प्रवासाचं फार सांगत नाही, कारण मला त्यातलं आमाचंच आठवतं. ती सबंध वाट बोटं मोजत होती. गाडी मधे कुठं आडरानात थांबली की उठून दाराशी जायची. सरहद्द ओलांडली, बस वळणं घेत वर चढली, आणि शेवटच्या चढाला, मला उतावळी म्हणणारी माझी आई, माझा हात ओढत पळायला लागली. बा मागून ट्रंक घेऊन धापा टाकत होता. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. बाजे घोंगडी पांघरून बसले होते. शेजारी वाटीत दही-तांदूळ कालवून ठेवलेले. मामी म्हणाली, पाच दिवस ते रोज सकाळी नवं कालवायला लावतात, कोणी आलं तर असावं म्हणून. दरवर्षी. आमा त्यांच्यापुढं बसली आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला टिका लावला, आणि तो हात नंतर तिच्या डोक्यावरून काढलाच नाही. मामीनं भात वाढला तरी काढला नाही.

बाजे त्याच माघात गेले. आमाला ते कळलं तेव्हा ती खूप रडली, पण तिनं भात करपवला नाही. 'भेटले मला,' असं ती सगळ्यांना सांगायची. 'पुनवेला भेटले.' मला वाटतं, तिचं पुढचं आयुष्य तिनं त्या एका दुपारवर काढलं, आणि चांगलं काढलं.

बाजेंना तिनं तेव्हाच सांगून टाकलं होतं की यंदा कोल्हापुरातही एका वडीलधाऱ्यांनी टिका लावला. कोण म्हणून त्यांनी विचारलं, तर बा म्हणाला, 'माझे तिकडचे वडील.' निघताना बाजेंनी आपली ठेवणीतली ढाका टोपी कागदात बांधून दिली, 'तिकडच्या समधींना', म्हणजे व्याह्यांना, म्हणून. परतीच्या वाटेवर बा नं एक दिवस मोडला आणि आम्हाला लुंबिनीला नेलं. आबांना टोपी देताना त्यानं पहिल्यांदा खरं सांगितलं, 'आबा, मी आजवर लुंबिनी बघितलीच नव्हती. आता बघून आलो.' आबांनी टोपी डोक्यावर घातली, रत्नाताईच्या आरशात दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाले, 'मला ठावं होतं. जो नुसतं बरी हाय म्हणतोय, त्यानं बघितलेली नसती. आता सांग, कशी हाय?' बा म्हणाला, 'शांत हाय. तिथं कोण फुडं सरका म्हणत न्हाय.' आबा त्या दिवशी इतके हसले की टोपी पडली.

पुढं एकवीस वर्षं आबांनी आमच्या खोलीत टिका दिला. दसऱ्याला सकाळी विहार, दुपारी आम्ही. लोक त्यांना विचारायचे, हे कसं चालतं? ते म्हणायचे, 'पांढरं हाय, चालतंय.' बा त्यांच्या हाताखाली एकवीस वर्षं लहान राहिला, आणि गुडघे बोलायला लागल्यावरही गावी गेला नाही. कोल्हापुरात म्हातारा झालेला पहिला नेपाळी माझा बाप असावा. आज ना आबा आहेत, ना बा, ना आमा.

आता आमच्यात माणसं खूप वाढली. गल्लीगल्लीत मोमोच्या गाड्या आहेत, आणि त्या गाड्यांवरची पोरं गिऱ्हाइकाला 'काय पावणं, तिखट करू न्हवं?' असं विचारतात. दसऱ्याला ती माझ्या घरी जमतात. आधी फोनवर गावाकडच्या आजीला बघतात. आजी तिकडे पडद्यालाच दही-तांदूळ फासते आणि पोरगं इकडे कपाळ फोनला लावतं. मी वैतागते आणि मग डोळे पुसते. त्यानंतर मी टिका द्यायला बसते, कारण आमच्यात थोरली मीच. यंदा परात पुढं ओढताना एका पोरीनं विचारलं, 'सुनमाया काकी, तुम्हांला कोण लावणार?' मी म्हटलं, थांब जरा. रत्नाताईच्या खुब्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं आणि ती येईल की नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं. सकाळपासून मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले होते आणि पोटात अन्नाचा कण नव्हता.

एकच्या सुमारास रिक्षा थांबली. आधी काठी बाहेर आली, मग पांढरी साडी, मग आवाज. 'सुने, धर की गं मला, नुसती बघत काय हुबी राहिलीस? लहान हाईस न्हवं तू?' सगळा जन्म नर्स म्हणून काढलेली ती बाई काठी टेकत आत आली, चटई नको, खुर्चीच दे म्हणाली, बाह्या वर सारल्या आणि पोरांच्या रांगेकडे बघून ओरडली, 'फुडं सरका.' मी सगळ्यांच्या आधी सरकले. तिनं माझ्या कपाळाला एवढा मोठा गोळा थापला की निम्मा खाली पडला, आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाली, 'तोंड आवर.' दही नाकावरून ओघळत होतं. मी मान वर केली नाही.